मी चिठ्ठीनं लागले

तुम्ही आज ज्या खुर्चीत बसला आहात, तिथं निव्वळ स्वतःच्या मेहनतीनं पोहोचलात, हे शपथेवर सांगू शकाल का? मला नाही सांगता येणार. माझी नोकरी एका वॉचमनकाकांच्या उजव्या हातानं लागली.

आमच्या शहराबाहेर, कोयलीच्या बाजूला, एका लहान केमिकल कंपनीत लॅबमधली एक जागा होती. शेवटी दोघी उरलो, मी आणि माझी मैत्रीण. आम्ही कारेलीबागेत एकाच सोसायटीत राहतो. बी.एस्सी. एका बाकावर केलं, अभ्यास एका गच्चीवर, एकाच वहीतून. साहजिकच लेखी परीक्षेत गुण सारखे पडले. प्रॅक्टिकललाही सारखेच, ब्युरेटच्या नळीतून थेंबसुद्धा दोघींनी बहुधा मोजून तेवढेच पाडले असावेत. गुजराती साहेब हैराण झाले. त्यांनी तीनदा बेरीज केली, चहा मागवला, चौथ्यांदा बेरीज केली आणि म्हणाले, "चालो, चिठ्ठी नाखीए."

चिठ्ठ्या टाकायचं ठरलं आणि आमच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या टिफिनच्या झाकणात पडल्या. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून गेटवरच्या वॉचमनकाकांना बोलावलं. त्यांनी डोळे घट्ट मिटले, देवाचं नाव घेतलं आणि माझी चिठ्ठी उचलली.

"खोटुं ना लगाडता, बेन," साहेब मैत्रिणीला म्हणाले. वाईट वाटून घेऊ नका!

तिला वाईट वाटायच्या आत हसू फुटलं. मग मलाही. परतीच्या वाटेवर स्कूटरवर आम्ही इतक्या हसत होतो की सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्या रिक्षावाल्याला ओरडून सांगावं लागलं.

"बरं झालं तुझी निघाली," ती म्हणाली. "माझी निघाली असती तर तू तिथंच भोकाड पसरलं असतंस."

"पसरलंच असतं."

"आणि साहेबांनी पाचव्यांदा बेरीज केली असती!"

हे हसू तिच्या घराच्या दारापर्यंत टिकलं. तिचे वडील, म्हणजे आमचे काका, सरकारी कचेरीतले फार शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कंपन्या काय हाऊजी खेळतात का? तिनं जीव तोडून अभ्यास केला, तिला मिळाली. तू कमी पडलीस. एवढं साधं आहे ते."

लगोलग निर्णयही झाला. सोसायटीसमोरच्या ट्यूशन क्लासला काउंटरवर फोन घ्यायला मुलगी हवी होती. सोमवारपासून तिनं तिथं बसायचं. गुरुवारी तिचा दुसऱ्या एका कंपनीत इंटरव्ह्यू होता, तो विसरायचा. "झेपत नाही त्याच्यामागं किती धावायचं?" असं काका म्हणाले, तेही अगदी प्रेमानं. हे कळताच मी धावत वर त्यांच्या घरी गेले आणि चिठ्ठीची गोष्ट साक्षीदार म्हणून पुन्हा सांगितली. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मनानं मोठी आहेस, म्हणून असं बोलतेस."

मी पेटले. वर आणखी भर पडली. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गुणगौरव समारंभ रविवारी होता. नोकरी लागलेल्या मुलांना श्रीफळ आणि शाल देतात, मग ती मुलं बोलतात. सेक्रेटरीकाकांनी विषयही ठरवून दिला: मेहनत हेच यशाचं रहस्य. म्हणजे मी माइकवरून ते बोलणार, पहिल्या रांगेत काका मान डोलावणार आणि सोमवारी माझी मैत्रीण काउंटरवर बसणार.

आमच्या घरात अशा वेळी एकच गोष्ट करतात, ती म्हणजे पत्रक काढतात. बाबा कारखान्यात फिटर होते आणि युनियनची सगळी पत्रकं तेच लिहायचे, एका बाजूला गुजराती, मागं मराठी. इतर मुलं गोष्टींच्या पुस्तकांतून वाचायला शिकली, मी मागण्यांच्या यादीतून. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर गुलाबी पत्रकं अंथरलेली असायची. चौथीत "माझी आई" या निबंधाचा शेवट मी "आईचा विजय असो" असा केला होता आणि बाईंनी आईला भेटायला बोलावलं होतं.

पण बाबाच अडले. "मी जन्मभर कष्टाची बाजू लिहिली, आणि माझी मुलगी नशिबाचं पत्रक काढणार? अगं, नशीब ही मालकांची भाषा आहे!"

"कुठला मालक म्हणतो, मी नशिबानं मोठा झालो? सगळे म्हणतात, मेहनतीनं झालो. म्हणजे ज्याचं झालं नाही तो आळशी. सोपं जातं त्यांना."

बाबांनी माझा कागद ओढून घेतला. मग म्हणाले, "पेन आण. पहिलं वाक्य पोचट आहे तुझं."

दुपारभर आम्ही भांडत लिहिलं. मी "भाग्य" लिहिलं, त्यांनी खोडून "योगायोग" केलं. मी तीन उद्गारचिन्हं दिली, त्यांनी दोन काढून घेतली. "मी चिठ्ठीनं लागले" हा मथळा मात्र एकमतानं मंजूर झाला. बाबांनी ते कॉम्प्युटरवरच्या त्यांच्या एका जुन्या पत्रकाच्या फाइलवर बसवलं, कारण त्यात अक्षरांचे आकार आधीच जमवलेले असतात, आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून गुलाबी कागदावर शंभर प्रती आणल्या.

रविवारी मी माइकवरून ते वाचलं आणि बाबांनी रांगारांगांतून वाटलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. काकांनी मात्र लाइटबिल ठेवावं तशी कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. सोमवार काही टळत नव्हता. एवढ्यात सेक्रेटरीकाका घाम पुसत आले.

"बेटा, हे सगळं सरस आहे. पण खाली हे काय? कोणतं गेट?"

मी खाली बघितलं. जुन्या फाइलची शेवटची ओळ तशीच राहिली होती: "वरील मागण्या मान्य न झाल्यास सोमवारी सकाळी नऊ वाजता गेटवर निदर्शनं. प्रचंड संख्येनं उपस्थित राहा." आम्ही दोघांनी पत्रक सहा वेळा तपासलं होतं. पण ती ओळ आमच्या घरात कुणी वाचत नाही. कागद संपला की ती असते, इतकंच.

"चूक झाली," मी म्हणाले.

"छापून आलंय ना," बाबा गंभीरपणे म्हणाले, "मग आता जावं लागेल."

सोमवारी नऊ वाजता सोसायटीच्या गेटवर अकरा माणसं हजर! एक आजोबा घडीची खुर्ची घेऊन आलेले, दोन मावशी भाजीच्या पिशव्यांसकट. कशासाठी जमलोय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यामुळं उत्साहाला काही धरबंध नव्हता.

"मागणी काय आहे?" आजोबांनी विचारलं.

मला ऐन वेळी सुचलं ते मी बोलले. "ज्यांना नोकरी योगायोगानं लागली, त्यांनी आज इथं कबूल करावं!"

मग एका मावशींनी पिशवी खाली ठेवली. "मी शाळेत लागले, कारण जिची नेमणूक झाली होती तिच्या नवऱ्याची बदली झाली." आजोबा म्हणाले, रेल्वेच्या अर्जाची मुदत त्यांना दाढी करताना न्हाव्याच्या दुकानात कळली. एकाचं ऐकून दुसऱ्याला जोर येत होता. माणसं आपलं नशीब हात वर करकरून सांगत होती!

तेवढ्यात कचेरीला निघालेल्या काकांची स्कूटर आली. मागं माझी मैत्रीण, क्लासला जाण्यासाठी तयार होऊन बसलेली. गर्दीमुळं बाहेर पडायला वाट नव्हती.

"काका, तुम्ही कसे लागलात?" मी विचारलं.

काकांनी हॉर्न दिला. कुणी हललं नाही. त्यांनी इंजिन बंद केलं. "वेटिंग लिस्टवर होतो," ते हँडलकडं बघत म्हणाले. "दुसरा. पहिल्याला कांजिण्या आल्या, तो हजरच होऊ शकला नाही."

"कांजिण्या?" मैत्रीण मागून किंचाळली. "बाबा, आपलं सगळं घर कांजिण्यांवर उभं आहे?"

पहिल्यांदा काकाच हसले. मग गेट हसलं, सोसायटीचा वॉचमन हसला. हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "मीही दुसरीच आले बाबा. कमी नाही पडले."

काकांनी तिच्याकडं बघितलं. "उतर खाली," ते म्हणाले. "गुरुवारचा अभ्यास कर. क्लासवाल्यांना मी सांगतो."

"मागणी मान्य!" माझे बाबा ओरडले, आणि अकरा माणसांनी असा विजय असो केला की समोरच्या क्लासची मुलं खिडकीत आली.

गुरुवारी ती इंटरव्ह्यूला जाऊन आली. निकाल अजून लागायचा आहे. तयारी तिनं माझ्याहून जास्त केली होती. तरीही काय होईल ते मला माहीत नाही, तिलाही नाही. पण कमी पडलीस असं या वेळी तिला कुणी म्हणणार नाही.

म्हणून तुम्हाला एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात कुणी इंटरव्ह्यूहून हात हलवत परत आलं असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा. उपदेश करू नका. तुमची स्वतःची बदली, तुमच्या कांजिण्या, तुमचं न्हाव्याचं दुकान, जे काय असेल ते त्याला सांगा.