वीतभर तिपाईवर जड कॅमेरा

माझा कॅमेरा जड आहे आणि स्वभावही, असं माझ्या घरचे म्हणतात. कॅमेऱ्यापुरतं मला ते मान्य आहे. शाळेतली नोकरी संपली तेव्हा जळगावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाने नवा हलका कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना मी घेतला. मोठी लेन्स लावली की हातात वरवंटा धरल्यासारखं वाटतं. असल्या कॅमेऱ्यासाठी मी तिपाई मात्र घेतली ती वीतभर उंचीची.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, हे टेबलावर ठेवायचं खेळणं आहे, मोबाईलसाठी. तुमच्या कॅमेऱ्याखाली याचा जीव जाईल."

"जाऊ द्या. बारावं मी घालीन," मी म्हटलं. त्याने निमूट पिशवी दिली.

लहान तिपाई घेण्यामागे माझा एक हट्ट होता. आमच्या भागात निम्मा संसार जमिनीवर बसून चालतो. शेंगा फोडणं, पापड लाटणं, चूल, जेवण, गप्पा, सगळं बसून. उंच ट्रायपॉडवरून या माणसांचे फोटो काढले की बायकांचे भांग आणि पुरुषांची टकलं येतात. आपण वर आणि माणूस खाली, असला फोटो मला पोलीस पंचनाम्यातला वाटतो. बसलेल्या माणसाचा फोटो बसलेल्या डोळ्यांनी घ्यावा, असं माझं म्हणणं. लेकाने ते एकदा ऐकलं आणि नंतर विषय बदलला.

पण हट्ट करणं सोपं, निभावणं अवघड. जेवणाच्या टेबलावर गोधडी अंथरून मी दोन आठवडे सराव केला, कारण कॅमेरा पडणार हे गृहीतच होतं. पडलाही. जड कॅमेरा छोट्या तिपाईवर बसवताना तीन पायांतला एक पाय बरोबर लेन्सच्या खाली पुढे यावा लागतो, नाहीतर लेन्स नाक खुपसते. पाय पूर्ण फाकवायचे. बटण बोटाने दाबायचं नाही, टायमर लावून हात काढून घ्यायचा, कारण बोटाच्या धक्क्यानेसुद्धा सगळं डुलतं. आणि सगळ्यात नाजूक जागा म्हणजे पायांच्या वरचा गोळा. बोराएवढा गोळा, त्यावर कॅमेरा बसतो. हवा तसा वळवायचा आणि बाजूचा स्क्रू आवळायचा. स्क्रू गोळ्याला नुसता दाबून धरतो. दात नाहीत, खाच नाही, घासण्याच्या जोरावर कॅमेऱ्याचा अख्खा भार तिथे तोललेला असतो.

हे जमलं आणि लगेच अक्काचं काम आलं.

अक्का माझी थोरली बहीण. शिंदखेड्याजवळच्या गावात राहते, शेतकऱ्याचं घर. तिच्या यजमानांना सगळं गाव आबा म्हणतं, म्हणून मीही आबाच म्हणते. अक्काचे मांडे म्हणजे आमच्या नात्यागोत्यात शेवटचा शब्द. भिजवून तिंबून लोण्यासारख्या केलेल्या कणकेत पुरण भरायचं, गोळा थोडा थापायचा आणि मग दोन्ही हातांवर घेऊन या कोपरापासून त्या कोपरापर्यंत फिरवत फिरवत वाढवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. हातांवरच तो परातीपेक्षा मोठा आणि दुपट्ट्यासारखा पातळ होतो, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकला जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा आमरसाबरोबर हे मांडे हवेतच. नसले तर आखाजी झाली असं कोणी म्हणत नाही.

यंदा अक्काच्या उजव्या खांद्याने दगा दिला. धुळ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि हेही सांगितलं, की नंतर हात पूर्वीसारखा वर जाईलच असं नाही. ऑपरेशन आखाजीनंतर ठरलं होतं. अक्काच्या सुनेला, म्हणजे नाशिककडच्या मुलीला, त्याआधी मांडे शिकायचे होते. ती चार वेळा बसली होती आणि चारही वेळा, अक्काच्या शब्दांत, "बठ्ठा फाटनात." अक्काला तोंडाने शिकवता येत नाही. "अस्स कर," एवढंच ती म्हणते आणि हात फिरवते. सुनेने मोबाईलवर व्हिडिओ काढून पाहिला, तर वरून घेतल्यामुळे हातांचा अंदाज येईना, अर्धा वेळ धूरच दिसला, आणि मांडा ऐन रंगात असताना तिच्या नवऱ्याचा फोन आला. म्हणून तिने मला बोलावलं. "मावशी, एकदा नीट घेऊन ठेवा. आईंचा हात गेला तर हे कायमचं जाईल."

एवढंच काम होतं, आणि ते एकदाच होणार होतं.

आखाजीच्या आधी चार-पाच दिवस मी सुरत लाईनच्या गाडीने गेले. पिशवीतून तिपाई काढली तशी अक्का म्हणाली, "हाई काय लयनी व तू? उंदरासना सापळा?"

खांदा कसा आहे विचारलं, तर म्हणाली, "दुखत नही. डॉक्टर लोकेस्ना धंदाच शे तो." तिला लहानपणापासून काही दुखत नाही. विळीने बोट कापलं तेव्हाही दुखलं नव्हतं, रक्त मला पाहून घाबरून बाहेर आलं असं तिचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पत्र्याच्या सावलीत चूल मांडली. मी जमीन पाहिली, सपाट जागा निवडली, कॅमेरा बसवून कोन पाहून घेतला. चुलीच्या पलीकडून, जमिनीलगत, किंचित वरच्या दिशेने. चौकटीत अक्काचे दोन्ही हात नेमके बसले. मग कॅमेरा काढून आत बॅटरी बदलायला गेले. तिपाई तिथेच राहिली.

परत आले, तिपाई जागेवर होती, कॅमेरा बसवला, स्क्रू आवळला. अगदी सहज फिरला. मला वाटलं, सरावाने आपला हात बसला. माणसाला स्वतःचं कौतुक करायला कारण लागत नाही.

अक्का बसली. आबा नेहमीप्रमाणे चुलीच्या तोंडाशी कपाशीच्या काड्या सारायला बसले. मांड्याच्या दिवशी जाळ त्यांच्याकडे असतो, कारण खापर जास्त तापलं तर मांडा करपतो आणि कमी तापलं तर चिकटतो, आणि त्यांची नजर जाळावरून हलत नाही. सून शेजारी मांडी घालून बसली. मी व्हिडिओ सुरू केला आणि सांगितलं, आता कोणी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. मीसुद्धा भिंतीशी जाऊन उभी राहिले, कारण सारखं सारखं वाकून पाहिलं की माझी सावली चुलीवर येत होती.

अक्काने एकामागून एक मांडे केले. गोळा उचलायची, हातावर घ्यायची, आणि बघता बघता तो पसरायचा. बोलणं चालूच. कोणाच्या घरी किती लेकी येणार, कोणाच्या आंब्याला यंदा मोहरच टिकला नाही. मी खूश होते.

काम उतरणीला आल्यावर आम्ही थांबलो. कणकेचे दोन-तीन गोळे शिल्लक होते. मी, सून आणि आबा कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहायला बसलो. पहिला मांडा सुरेख आला होता. दुसऱ्यापासून चौकट वर सरकायला लागली. हळूहळू, कोणाच्या लक्षात येणार नाही अशी. हात खाली गेले, कोपर आलं, खांदा आला, आणि तिसऱ्या मांड्यापासून पुढे नुसता अक्काचा चेहरा. जवळून घ्यायचं म्हणून लहान लेन्स लावली होती, त्यामुळे कॅमेरा मागच्या वजनाने मागे कलत जाऊन तिपाईच्या पायावर टेकला होता. हात कुठेच नव्हते.

माझं डोकं फिरलं. तिपाई हातात घेतली, गोळ्याला बोट लावलं, तर बोट चकचकीत.

"याला तेल कोणी लावलं?"

आबा शांतपणे म्हणाले, "मी. तू मझार गई तवय हलाईसन देखं. घट्ट फिरे ते. म्हनीसन दोन थेंब तेल टाकं."

या माणसाने आयुष्यभर मोटार, बिजागरी, चाप, कडी, ज्याला ज्याला म्हणून फिरायचं असतं त्याला तेल घातलेलं आहे. पाहुणीची वस्तू कुरकुरते आहे आणि आपण बघत बसायचं हे त्यांच्या रक्तात नाही. मला मात्र त्या क्षणी त्यांचं रक्त दिसत नव्हतं. "आबा, हे घट्ट असण्यासाठीच असतं," मी जरा जोरात म्हणाले. ते खाली बघायला लागले. लगेच वाईट वाटलं, पण उचलली जीभ टाळ्याला लागून गेली होती.

तेवढ्यात सून म्हणाली, "मावशी, थांबा. बंद करू नका."

पडद्यावर अक्का बोलत होती, हसत होती. मग तिचा उजवा खांदा वर जायला लागला आणि बोलणं तुटलं. डोळे मिटले. खालचा ओठ दातांखाली गेला, कपाळावरची शीर फुगली. मग खांदा खाली आला, डोळे उघडले, आणि अर्धं राहिलेलं वाक्य हसत पुरं झालं. पुढच्या मांड्याला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. आम्ही तिघंही तिच्यापासून चार हातांच्या आत होतो. सून आणि मी हातांकडे बघत होतो, आबा जाळाकडे. चेहरा कोणीच पाहिला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग चुलीकडे तोंड करून विचारलं, "इतलं दुखस, अन् तू सांगं नही?"

अक्का परात पुसत होती. "सांगीसन काय व्हतं? आखाजी काय थांबती?"

मी आत जाऊन तिपाईचा गोळा स्पिरिटने पुसला, राखेने घासला, पुन्हा पुसला. हाताला नीट अडायला लागला तेव्हा बाहेर येऊन कॅमेरा बसवला. खरं तर मला ते करायचं नव्हतं. पण बोलावलं होतं त्यासाठीच, आणि अक्का स्वतःच कणकेचा गोळा घेऊन तयार बसली होती. तिला काम अर्धं ठेवलेलं चालत नाही.

सून मात्र शेजारी येऊन बसली नाही. ती अक्काच्या मागे गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही बाजूंनी हात घालून तिची कोपरं आपल्या तळव्यांवर घेतली.

"आई, वजन माझ्यावर टाका. कुठे वर, कुठे खाली, ते तुम्ही न्या. मी येते बरोबर."

"तुले वझं व्हयी."

"होऊ द्या."

पहिला मांडा फाटला. अक्का हात सैल सोडत नव्हती, सवयीने स्वतःच उचलत होती, आणि चार हातांची ओढाताण झाली. दुसरा गोळा घेतला. या वेळी डावीकडून उजवीकडे जाताना सुनेचे हात अक्काच्या कोपरांबरोबर वळले, आणि मांडा पसरत गेला. उजवा हात वर जायची वेळ आली तशी अक्काने डोळे मिटून घेतले, ओठ दाताखाली धरला. हात वर गेला. अक्काने एक डोळा उघडला, मग दुसरा. ओठ सोडला.

मांडा तयार होता, चार हातांवर पसरलेला, आता टाकायचा तेवढा. आबांनी खापराखालचा जाळ बेताचा केला आणि वाट पाहू लागले. सून म्हणाली, "आई, टाकू या?"

अक्काने मान मागे, सुनेच्या खांद्यावर टेकवली.

"जरासं थांब व माय," ती म्हणाली. "अशीच धरी ठेव."

सुनेने धरून ठेवलं. मांड्याच्या कडा हळूहळू सुकायला लागल्या होत्या, आणि तो खापरावर टाकायची घाई आमच्यापैकी कोणालाच नव्हती.