लाल धाग्याची खूण
टॉवेलच्या कारखान्यात पाळी संपताना लाल धागा हातात आला, की मला मुलीची ती दुपार आठवते. ती घरी बसून कंपनीचं संगणकाचं काम करायची. आधीच्या माणसानं प्रोग्राम असा गुंतवून ठेवला होता, की एका जागी दुरुस्त केलं की दुसरीकडं बिघडायचं. मी म्हणाले, "आमी चूक सापडली की तितं लाल धागा बांधतो. पुढच्या बाईला हुडकाय लागत न्हाय." तिनं सहा महिने गुंता सोडवला, जागोजागी कुणालाही समजेल असं लिहून ठेवलं. मग एका दुपारी तिच्या साहेबांचा फोन आला. साय धरलेला चहा तसाच ठेवून ती म्हणाली, "आई, आता ते कुणालाबी जमतंय की. मला काढलं." आजही चूक दिसते, धागा हातात असतो, पण माझ्यानं गाठ मारवत नाही.