रिकाम्या रस्त्यावरची घंटी

आमच्या बसथांब्यापासून मोठा चढ सुरू होतो. कापडगिरणीत कामाला जाणाऱ्या एक बाई रोज सकाळी तिथं सायकलवरून उतरतात, पदर खोचतात आणि हँडलला डबा लटकवलेली सायकल ढकलत वर नेतात. एकदा न राहवून मी विचारलंच, “दमत नाही का हो?”

“दमते की!” धापा टाकत त्या हसल्या. “पण संध्याकाळी हाच रस्ता माझा असतो.”

काल संध्याकाळी मी बसमधून उतरलो, तर त्या वरून सुसाट येत होत्या. पॅडल थांबलेलं, पदर फडफडतोय, समोर चिटपाखरूही नाही. तरी घंटी चाललेली, ट्रिंग ट्रिंग! आपण चढाचं रडगाणं गातो आणि उतार मुकाट्यानं उरकून टाकतो. त्या मात्र आपला उतार वाजतगाजत घरी नेत होत्या.