गेटवर अडलेली काकडं

शेवळांची पाटी आत आली आणि काकडांची पिशवी सिक्युरिटीनं गेटवर अडवली.

"पीओ में सिर्फ शेवळा लिखा है, चाचा. ये अंदर नहीं जाएगा."

पीओ म्हणजे कंपनीनं काय मागवलं त्याचा कागद. बोईसरच्या त्या कारखान्याच्या कॅन्टीनचा मी आचारी. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण माझ्या हातचं खाऊन कुणी कधी आजारी पडला नाय. त्या दिवशी बाहेरचे पाहुणे येणार होते. भिंतीवर बोर्ड लावलेला, 'लोकल खा'. जवळच्याच मासवण गावच्या जनीबाईची रानभाजी मीच सुचवली. पाहुण्यांना आवडली तर दर आठवड्याला तिची पाटी घेऊ, असा मॅनेजरचा शब्द होता.

शेवळं म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीतून वर येणारे कोंब. मटणाला मागं सारतील अशी चव. पण नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून काकडं, म्हणजे आंबट रानफळं, सोबत टाकावीच लागतात. आमच्याकडं शेवळं विकणारी बाई काकडं न मागता देते. कागदावर लिहायचं कुणाला सुचणार?

जनीबाई गेटबाहेरून ओरडली, "दादा, काकडांबिगर नको शिजवू. नाव माजं जाईल!"

मी मॅनेजरला गाठलं.

"काका, आज ऑडिट आहे. बिलाशिवाय काही किचनमध्ये नको. फूड सेफ्टी! टोमॅटो टाका ना."

"मंग तुमीच टाका. मी नाय शिजवणार."

एप्रन काढून खुंटीला टांगला.

"एवढा कसला माज?"

"शिजवणाऱ्याला असतो, साहेब."

कॅन्टीनात ठेक्यावर असलेल्या दुसऱ्या आचाऱ्यानं टोमॅटो घालून भाजी केली. रंग झकास आला. पाहुण्यांनी दोन घास वाहवा केली, मग एकेकाचा हात घशाकडं गेला. ताकाचे जग रिकामे झाले.

ऑडिटच्या रिपोर्टात आलं: रानभाजी असुरक्षित, सप्लायर बंद. टोमॅटोचं नाव नाय, गेटचं नाय. मी पर्मनंट, मला नुसता मेमो. जनीबाईला मीच जाऊन सांगितलं. ती पाटी उचलत म्हणाली, "तू एप्रन काढलास, दादा. मी काय काढू?"

आता भाजी वाशीहून टेम्पोनं येते. 'लोकल खा'चा बोर्ड अजून तिथंच हाय, त्याच्याखाली कोबीचं पातेलं. एवढंच सांगतो. इथलं खायचं आसंल तर इथल्यासारखं शिजवा. नायतर कोबी बरा, निदान कुणाची पाटी तरी जात नाय.