लिनक्सवरची गाडी

काल पोरीच्या लॅपटॉपमधून तापलेल्या धुळीचा वास आला आणि कळमनुरीतलं माझं गेम पार्लर आठवलं.

त्यासाठी कॉम्प्युटर विकत घेताना घासाघीस करून मी टेबलं फुकट काढली होती. विकणारा म्हणाला होता, "शेठ, यात विंडोजऐवजी लिनक्स हाय. विंडोजवरचं सगळं चालते." उद्घाटनाचा नारळ फुटला, पण गाड्यांचा गेम एकाही पडद्यावर उघडेना. मी विकणाऱ्यावर फोनवर पेटलो. तो थंडपणे म्हणाला, "पत्त्यांचा गेम चालून राहिला ना?"

खेळायला आलेला एक पोरगा ओरडला, "चला रे, हा म्हाताऱ्यांचा अड्डा हाय!" गिऱ्हाइकं उठली, ती परत आलीच नाहीत.

आज तोच गाड्यांचा गेम पोरीच्या लॅपटॉपात लिनक्सवरच सुसाट पळतो. पोरगी म्हणते, "पप्पा, आता तरी राग सोडा."

काहून सोडू? "गाड्यांचा गेम यावर अजून चालत न्हाई," एवढं त्यानं खरं सांगितलं असतं, तर माझं पार्लर बुडालं नसतं.