लाल न दिसणारा रोल आणि मंजूचा फोटो

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मार्कंड्याच्या देवळांकडे गेले होते, कॅमेऱ्याचा एक अनोळखी रोल वापरून बघायला. सोबत माझी मामेबहीण मंजू... तिला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. तिला फक्त घराबाहेर पडायचं होतं.

कारण आदल्या दिवशी कुरखेड्यात, तिच्या घरी, तिला बघायला पाहुणे आले होते. मंजू नर्स आहे, सावळी आहे, आणि बायोडाटावरचा तिचा फोटो स्टुडिओवाल्याने पार पांढराफटक केलेला. मुलाची आई पोहे खाता खाता मोबाईलमधल्या फोटोकडे बघे, मग मंजूकडे. शेवटी म्हणालीच, "फोटोत तं पोरगी उजळ दिसते..."

  मंजू सकाळी उठून पहिल्या बसने गडचिरोलीला माझ्याकडे आली.

मी हौसेने ब्लॅक अँड व्हाईट फिल्मवर फोटो काढते, रोल घरीच बाथरूममध्ये धुते. नेहमीचा रोल सोडून कधी नाव न ऐकलेले मागवायचं खूळ सध्या डोक्यात आहे. त्यातल्या एकातून तर नुसता राखाडी चिखल निघाला!

हा दुसरा. याला लाल रंग दिसतच नाही. लाल ते सगळं काळं येतं, आणि आपल्यासारखी सावळी कातडी आणखी गडद. फोटोग्राफीच्या ग्रुपवर सगळ्यांनी बजावलं होतं... दगड काढ, देवळं काढ, माणसांच्या वाटेला जाऊ नको.

म्हणून देवळावरचं कोरीवकाम काढत बसले. रोल संपत आला तेव्हा वैनगंगेकडच्या पायरीवर बसलेली मंजू म्हणाली, "ताई, माझा काढ."

"अवं, हा रोल चेहरा काळा करते."

"करू दे ना. गोरा करून पाह्यला, काय झालं?"

काढला. हसली नाही, मान तिरकी केली नाही. सरळ लेन्सकडे बघत राहिली.

निगेटिव्ह स्कॅन केली आणि मी खुर्चीत टेकून बसले. चेहरा खरंच गडद आला होता. पण नाकाची धार, भुवईवरचा लहानपणीचा व्रण, ते रोखलेले डोळे... ही मंजू होती. आमच्याशी भांडणारी, ड्युटीवर दारुड्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढणारी.

तिला पाठवला, आणि तासाभरात मामीचा फोन. "काऊन वो? आधीच कुठी जमून नाई राह्यलं, अन् तू पोरीले अजून काळी करून पाठवली!"

 मामीचं अगदीच चूक नव्हतं... रोल रंग वाढवतोच. तेवढ्यात फोनवरच मामीच्या मागून मंजूचा आवाज आला.

"आई, त्या गोऱ्या फोटोनं मले चारचौघांत खोटं पाडलं. हा पाहून जो येईन, तो घरी येऊन दचकणार तं नाई!"

त्याच दिवशी तिने बायोडाटावर हा फोटो लावला. एका घरून मेसेज आला, दुसरा जरा क्लिअर फोटो आहे का? मंजूने लिहिलं, "नाही. मी अशीच दिसते." त्यांचं पुढे काही आलं नाही... नाही तर नाही.

लग्न अजून जमलेलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण शेवट गोड करायचा मोह मलाही होतो.

मामी मात्र माझ्याशी बोलेना. काल अचानक तिचाच फोन. मी घाबरतच उचलला.

"तो रोल उरला हाये का? माह्याही एक काढ. अन् मी पावडर-बिवडर नाई लावत, सांगून ठेवतो."

नवा रोल मागवलाय. मंजू, हे तुझ्यामुळे. अशीच भांडत राहा!