आवाज थांबला का?

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये ऑइल प्रेशर मोजायचं मीटर कधीच नव्हतं. कुणी विचारलंच, तर तो आपल्या उजव्या कानाला बोट लावून म्हणायचा, हा काय शोभेला दिलाय? आणि खरोखरच, चाळीस वर्षांत त्या कानानं त्याला एकदाही तोंडघशी पाडलं नव्हतं.

त्याची पद्धत सोपी होती. इंजिन बराच वेळ उभं राहिलं की तेल खाली उतरून चेंबरमध्ये जमतं. किल्ली फिरवली की पंप ते ओढून वर चढवतो, आणि ते पोचेपर्यंत वरचे टॅपेट, म्हणजे झडपा हलवणारे भाग, क्षणभर कटकट करतात. कटकट थांबली की तेल पोचलं. गिऱ्हाईक म्हणायचं, तेल तर काठोकाठ भरलंय. मिस्त्री म्हणायचा, आडात आहे हो, पोहऱ्यात यायला नको? नवा पंप बसवताना तो कोरडा कधी बसवत नसे. आतल्या चाकांत बोटानं व्हॅसलीन भरायचा, म्हणजे पहिल्या फेऱ्यालाच पंप तेल धरतो. मग किल्ली फिरवायची, कान द्यायचा, मान डोलवायची. त्या मानेवर लोक डोळे मिटून गाड्या घेऊन जात.

सगळ्यात जास्त विश्वास टॅक्सीवाल्याचा. दोघं एकाच वर्षी धंद्यात पडलेले, तेव्हापासूनचे जिवाचे मित्र. टॅक्सीतला तेलाचा लाल दिवा कधीच उडाला होता, तो कुणी बदललाच नाही. मिस्त्री असताना दिवा कशाला, असं टॅक्सीवालाच म्हणायचा. त्याला आणखी दोन वर्षं गाडी चालवायची होती. धाकट्या मुलीचं शिक्षण तेवढं राहिलं होतं.

गेलं वर्षभर मिस्त्रीची बायको कुरकुरत होती. तीनदा हाक मारली तरी हे ओ देत नाहीत, वय झालं तसा तिरसटपणा वाढतोय. मिस्त्री हसून सोडून द्यायचा. कधीकधी त्याला वाटायचं की हल्लीची इंजिनं फार लवकर शांत होतात. आपलाच हात बसलाय म्हणून, असं तो मनाशी म्हणायचा. माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो!

टॅक्सीचा पंप झिजला, तेव्हा मिस्त्रीनं नवा आणून स्वतः बसवला. व्हॅसलीन भरलं, बोल्ट आवळले, तेल ओतलं. टॅक्सीवाल्यानं किल्ली फिरवली. मिस्त्रीनं कान दिला. एक, दोन, आणि शांत. त्यानं मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी दोर बांधून ओढत आणली गेली. इंजिन जाम झालं होतं. मिस्त्रीनं खालचं चेंबर उतरवलं, तर तेलाच्या तळाशी बेअरिंगचा चकचकीत चुरा साचला होता. पंप चांगला होता. पंपाच्या नळीवरची रबरी रिंग बसवताना चिमटली होती. पंप बिचारा तेलाबरोबर हवा पीत राहिला, वर पुरेसं तेल चढलंच नाही. असं इंजिन शांत होऊच शकत नव्हतं. पहिल्या क्षणापासून ते ओरडत असणार.

मिस्त्री तेलाच्या हातांनी तसाच जमिनीवर बसून राहिला. मग त्यानं वर पाहून विचारलं, "तुला आवाज आला नाही?"

टॅक्सीवाला म्हणाला, "आला की. इथेच आला होता. पण तू मान डोलवलीस. म्हटलं, तुला ऐकू आलं असेलच."

ही वाक्यं मिस्त्रीनं त्याच्या ओठांवरून वाचली, आणि आपण किती दिवस माणसांची तोंडं बघत बसतोय, हे त्याला त्याच वेळी कळलं. त्याला भयंकर लाज वाटली. चुकीची नाही, रिंग कुणाच्याही हातून चिमटते. लाज त्या मानेची.

"मला ऐकू येत नाही रे," तो म्हणाला. हे त्यानं आजवर स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

टॅक्सीवाल्यानं दुसरं गॅरेज गाठायला हवं होतं. त्याच्या घरच्यांनी तसं सांगितलंही. पण तो रोज पायी यायचा आणि स्टुलावर बसून राहायचा. दीड महिना त्याची गाडी उभी राहिली, आणि फी भरता न आल्यानं धाकटीचं कॉलेजचं ते वर्ष हुकलं. ते मिस्त्रीला कळलं तेही तिसऱ्याच माणसाकडून. मित्रानं एका शब्दानं दोष दिला नाही, हेच त्याला सोसवेना.

शेवटी इंजिन पुन्हा बांधून झालं. रिंग बसवताना मिस्त्रीनं तिच्यावरून तीनदा बोट फिरवलं. समोरच्या पट्टीत लाल दिव्याचा नवा बल्बही घातला. मग टॅक्सीवाल्याला किल्ली फिरवायला सांगून तो बॉनेटपाशी उभा राहिला. हातांना इंजिनाची थरथर जाणवत होती. तेल पोचून दिवा विझल्याचं टॅक्सीवाल्यानं हातानं खुणावलं, तरी मिस्त्री जागचा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मान स्थिर ठेवली आणि मित्राच्या तोंडाकडे बघत विचारलं,

"आवाज थांबला का?"

टॅक्सीवाल्यानं कान दिला, बराच वेळ दिला, आणि मान डोलवली. मिस्त्रीनं बॉनेट लावलं. त्यानंतर त्यानं कुठल्याच इंजिनाला हात लावला नाही.